पालखीच्या वाटेची बस

माझा धाकटा भाऊ श्रीपती पुण्याची नोकरी सोडून घरी आला, त्या दिवशी जेवायला बसताना आई मला म्हणाली, "ज्ञानोबा, जरा सरक. शिरपाला दाराशी बसू दे, वारं लागंल त्याला." दाराजवळची ती जागा माझी. वडील गेल्यापासून तिथं मीच बसतो. मी सरकलो. त्या दिवशी भाकरी घशाखाली उतरेना. तेव्हापासून मी सरकतोच आहे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी 'अहो, सख्खा भाऊ ना तुमचा?' असं विचारायला नको. सख्खा आहे म्हणून तर जळतं. परका कितीही वर गेला तरी मला काय त्याचं?

मी धाराशिवचा टांगेवाला. एसटी स्टँडसमोर माझा टांगा उभा असायचा. घोडीचं नाव लाडी. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावानं माझ्यापेक्षा पुष्कळच बरी. तिच्या आईच्या जिवावर मी श्रीपतीला शिकवला. तो सोलापूरला डिप्लोमा करत होता, तेव्हा मी इथं पहिल्या गाडीच्या सवाऱ्या धरायचो आणि शेवटच्या गाडीच्या घरी पोचवायचो. कुणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचो, भाऊ साहेब होणार आहे. झाला. पुण्याच्या नगररचना कचेरीत बसून रस्ते आखायला लागला. तोवर सगळं ठीक होतं, कारण साहेब पुण्याला होता आणि इथं ज्ञानोबा म्हणजे ज्ञानोबाच होता.

शहाऐंशी साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. आदल्या वर्षीही तीच रड. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, कडबा बघायला मिळेना. जनावरांसाठी छावण्या निघाल्या, पण त्या बैलांच्या आणि गाईम्हशींच्या. घोडं घेऊन गेलं की तिथला माणूस हसायचा. "घोडं काय नांगर वडतंय व्हय?" म्हणायचा. मी लाडीच्या तोबऱ्यात हरभऱ्याचा भरडा कमी करत गेलो आणि भुसा वाढवत गेलो. तिच्या बरगड्या अजून दिसत नव्हत्या, पण हात फिरवला की हाताला लागायच्या. ही घोडी गेली तर आपण गावात कोण, हा प्रश्न मला त्या दिवसांत सारखा पडायचा.

आण्णासाहेब म्हणजे ढोकीकडचे मोठे बागायतदार आणि गावातल्या निम्म्या संस्थांचे चेअरमन. त्यांच्या मनात आलं, गावाला स्वतःची बस पाहिजे. गाव चहूकडं पसरलं होतं. कलेक्टर कचेरी एका टोकाला, सरकारी दवाखाना दुसऱ्या टोकाला, मध्ये बाजार, आणि उन्हातान्हात माणसांची नुसती पायपीट. त्यांनी 'जनता नागरी वाहतूक सहकारी संस्था' काढली, घरोघर शेअर विकले, आम्हा टांगेवाल्यांनाही घ्यायला लावले, आणि एक जुनी बस आणून पिवळी रंगवून घेतली. आता ही बस कुठून कुठं न्यायची? तर म्हणाले, आपला श्रीपती आहे की पुण्यात, रस्ते आखायचंच काम करतो, घ्या बोलावून. आणि हा पठ्ठ्या नोकरी सोडून आला. गावासाठी! लोकांच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला ठसका लागायचा. मी इतकी वर्षं गावाला टांग्यातून फिरवत होतो, ते काय माझ्या करमणुकीसाठी?

आल्या आल्या तो टांग्यात बसला. मागं नाही, पुढं, माझ्या शेजारी. "दादा, मला गाव दाखवा," म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बरेच दिवस आम्ही हिंडलो. सकाळी कुठल्या गल्लीतून माणसं निघतात, बाजाराच्या दिवशी तेरच्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन कुठं उतरतात, दवाखान्याच्या चढावर म्हातारी माणसं कुठं टेकतात, हे तो विचारायचा आणि मी सांगायचो. सगळं माझ्या तोंडातलं. त्याच्याजवळ होती फक्त पेन्सिल.

मग एक दिवस त्यानं घरातल्या भिंतीवर गावाचा नकाशा लावला. मी सांगितलेलं सगळं त्यावर होतं, तांबड्या शाईत. शेजारपाजारचे बघायला यायला लागले. "काय डोकं हाय शिरपाचं!" म्हणायचे. माझी बायको मथुराबाई बोट ठेवून दाखवायची, "ह्ये बघा, भावजींनी आपली गल्ली बी काढलीया." मी कोपऱ्यात लाडीचा साज पुसत बसायचो. गाव माझं, भिंत माझी, बायकोही माझी, आणि कौतुक चाललंय दुसऱ्याचं. साज पुसून पुसून चकचकीत झाला, तरी मी पुसतच राहिलो.

एका सकाळी मी लाडीला खरारा करत होतो, तेव्हा श्रीपती छपराखाली आला.

"दादा, लोकांच्या आधी तुम्हाला सांगतो. बस गल्लीबोळात घालायची न्हाय. एकच सरळ रस्ता. कलेक्टर कचेरी, स्टँड, बाजार, दवाखाना. त्याच रस्त्यानं जायचं, त्याच रस्त्यानं यायचं. मोजकेच थांबे."

"आन् आमी टांगेवाल्यांनी काय टाळ कुटायचे?"

"त्येच सांगतोय. हर थांब्यावर टांगे उभे राहतील. गल्लीतनं माणूस टांग्यानं बसपर्यंत आणायचा, बसमधनं उतरला की टांग्यानं घरी सोडायचा. लांबचं काम बसचं, जवळचं घोड्याचं. घोडं दमत न्हाय आणि डिझेल वाचतं. त्या वाचलेल्या डिझेलात संस्था ढोकीकडनं उसाचं वाढं आणंल, मेंबर टांगेवाल्यांच्या घोड्यांसाठी. आण्णासाहेबांशी बोललोय मी. लाडीचं हे साल निघून जाईल."

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्या दुष्काळात हिरवा शब्द कानावर पडला तरी डोळ्याला गार वाटायचं. त्याचं म्हणणं मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. चांगलं होतं, आणि तेच मला झोंबलं. आजवर या घरात देणारा हात माझा होता. आता हा माझ्या घोडीला चारा घालणार आणि मी त्याच्यापुढं मान डोलवत म्हणणार, बरं झालं रे बाबा तू आलास?

"बघू," मी म्हणालो.

"रागावलात का दादा?"

"मला कशाला राग येतोय? तुमी शिकलेली मानसं." मी खरारा इतका जोरात ओढला की लाडीनं मागचा पाय आपटला.

सभा कापसाच्या जिनिंगच्या आवारात भरली. श्रीपतीनं नकाशा टांगला आणि सुरुवातीलाच म्हणाला, "यातली सगळी माहिती माझ्या दादांची आहे. मी फक्त रेघा ओढल्या." लोकांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. दारी आलेल्याच्या झोळीत चिमूटभर पीठ टाकावं, तशी त्यानं ती टाळी माझ्या पदरात टाकली होती.

त्याचं सांगून झालं. मग साळी गल्लीचा कोंडीराम उठला. "म्हंजे आमच्या गल्लीत बस येनारच न्हाय?" लगेच माळी गल्लीवाले उठले. "त्यांच्याकडं गेली तर आमच्याकडं बी आली पायजे. आन् आधी आमच्याकडं." वेशीजवळचे म्हणाले, वेस आधी की माळी गल्ली आधी? श्रीपती शांतपणे सांगत होता, गल्लीत शिरलेली बस वेळेवर कुठंच पोचणार नाही, गल्लीसाठी टांगा आहे. पण टांगा रोजचाच. दारात बस उभी राहण्याची शान टांग्याला कुठली? आण्णासाहेब उपरण्यानं मान पुसत बसले होते.

मी उठलो. घरून काही ठरवून गेलो नव्हतो. उभा राहिल्यावर सुचलं, आणि सुचलं तसा अंगावर गोड काटा आला.

"आण्णासाहेब, भांडन कशापायी? दसऱ्याला गावदेवीची पालखी निघती. कुठल्या गल्लीत आधी जायचं, कुठं मागनं, कुनाकुनाच्या दारी थांबायचं, ह्ये आपल्या आज्यापणज्यांनी ठरवून ठेवलंय. त्यावर आजवर कुनी तोंड उघडलं न्हाय. बस त्याच वाटंनं न्या की."

मग जो गलका झाला तो काय सांगू! पालखीच्या वाटेला नको कोण म्हणणार? जो तो मान हलवायला लागला. कोंडीरामनं तर फेटा उडवला. आमच्या घराला दिवटीचा, म्हणजे पालखीपुढं मशाल धरायचा मान आहे, पालखी आमच्याही दारी थांबते, हे मी बोलून दाखवलं नाही. ज्याला त्याला ते ठाऊक होतंच.

तेवढ्यात सुमनबाई उठल्या. त्या भीमनगरच्या, सरकारी दवाखान्यात नोकरीला, आणि रोज सकाळी माझ्याच टांग्यानं कामावर जाणाऱ्या. "पालखी आमच्या वस्तीत कवाच आली न्हाय," त्या म्हणाल्या. "मंग आता बस बी येनार न्हाय का? शेअर घेताना तर आमच्या दारी आला व्हता. आन् ती पालखी दवाखान्याकडं बी जात न्हाय. तिकडं जायाचं कुनी?"

मी टोपी नीट करत राहिलो. आण्णासाहेब म्हणाले, "त्येचा फुडं इचार करू," आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं. सगळीकडं हातच हात. श्रीपती माझ्याकडं बघत होता. चिडून बघितलं असतं तर मला आणखी गोड वाटलं असतं. पण तो नुसता बघत होता, काहीतरी समजून घ्यायचं राहिल्यासारखा. मग त्यानं नकाशा गुंडाळला. त्या दिवशी मी दाराजवळच्या माझ्या जागेवर बसून एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई स्टँडसमोरून निघाल्या, तसा मी टांगा पुढं घेतला. "बसा की, सुमनबाई."

"नको, ज्ञानोबाभाऊ. चालायची सवय हाय आमाला." त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला बस सुरू झाली. ड्रायव्हर बंडप्पा, आधी ट्रक चालवणारा, भला माणूस. पालखीच्या वाटेवर चपला घालून कसं जायचं, म्हणून त्यानं चपला सीटखाली काढून ठेवल्या. प्रत्येक मानकऱ्याच्या दारी बस थांबली. बायकांनी ओवाळलं, नारळ फुटले, समोरच्या काचेवर इतकं हळदकुंकू पडलं की बंडप्पाला बाजूच्या खिडकीतून मान काढून बस चालवावी लागली. बरं, सणाचा दिवस म्हणून सोडून देऊ. पण दुसऱ्या दिवशी एका दारी ओवाळलं आणि दुसऱ्या दारी राहिलं, तर ते घर रुसलं. म्हणून रोज ओवाळणं आलं. ओवाळणारी बाई कामात असली तर तिची वाट बघणं आलं. एकदा बंडप्पानं घाईनं बस पुढं काढली, तर मानकऱ्यानं आण्णासाहेबांच्या घरी जाऊन विचारलं, आमचा मान मोडायला बस आणली का?

खरी गंमत परतीची. बस आली त्याच वाटेनं परत निघाली, तर कोंडीराम रस्त्यात आडवा. कारण उलट्या वाटेनं गेलं की ज्याचा मान शेवटचा, त्याच्या दारी बस आधी थांबणार. शिवाय पालखी कधी उलटी फिरत नाही. देऊळ उजव्या हाताला ठेवून ती गावाला वळसा घालते आणि पुन्हा देवळापाशी येते. मग पुन्हा बैठक, पुन्हा ठराव. बस एकाच दिशेनं फिरेल, उलटी फिरणार नाही. म्हणजे स्टँडवरून बाजारात जायला गडी चटकन पोचायचा, पण बाजारातून स्टँडवर यायला त्याला अख्ख्या गावाचं दर्शन घ्यावं लागायचं.

एकदा साळी गल्लीत समोरून सरपणाची बैलगाडी आली. गल्ली एवढीशी. बंडप्पा बस मागं घ्यायला लागला, तशी घराघरातून माणसं ओरडत बाहेर आली. "मागं घ्याची न्हाय! पालखी मागं सरत न्हाय!" बंडप्पा हात जोडून सांगतोय, ही बस आहे, पालखी नाही. पण ज्यांनी सकाळीच तिला ओवाळलं होतं ते कसं ऐकतील? शेवटी बैल सोडले आणि सरपणानं भरलेली गाडी माणसांनी मागं ढकलत वेशीपर्यंत नेली. बसमधली माणसं तोवर उतरून चालत घरी गेली होती.

मी टांगा मुद्दाम बसच्या बाजूनं काढायचो. लगाम सैल सोडला की लाडी दुडक्या चालीनं पुढं निघायची. "बंडप्पा, देवीला माझा बी नमस्कार सांगा!" असं ओरडायचो आणि मागच्या सवाऱ्या खदखदा हसायच्या. घरी येऊन श्रीपतीसमोर हे रंगवून सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि जेवायचा. माझ्या काळजाला इतका गारवा त्याआधी कधी मिळाला नव्हता.

पण तो टिकला नाही. स्टँडवरच्या हॉटेलात बसलो की लोकांचं बोलणं कानावर पडायचं. "शिरपा सांगत व्हता त्येच खरं निघालं." "त्याचं ऐकाया पायजे व्हतं." मला कळेना, हे काय चाललंय! बस चालली असती तर नाव श्रीपतीचं झालं असतं, आणि बस फसली तरी नाव श्रीपतीचंच. मग मी सभेत उठलो कशाला? माझ्या हातातला चहा तसाच गार व्हायचा.

त्यात आणखी एक झालं, जे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बसनं गावाला एकच गोष्ट नीट शिकवली, ती म्हणजे चालत गेलं की लवकर पोचता येतं. लोक चालायला लागले ते चालतच राहिले. जवळच्यासाठी टांगा करायची सवय मोडली. भीमनगरच्या बाया सुमनबाईंबरोबर घोळक्यानं बोलत जायच्या, त्यांच्यामागं माळी गल्लीतल्याही जायला लागल्या. मी स्टँडसमोर हाका मारायचो आणि माणसं हसून पुढं जायची.

बस मात्र दिवसभर वळसे घालत डिझेल पीत राहिली. संस्थेच्या तिजोरीत चाऱ्यापुरतं काही उरलं नाही. ढोकीचं वाढं आलंच नाही. एका दुपारी मथुराबाईनं लाडीपुढं भुसा टाकला, तो तिनं हुंगून तसाच ठेवला. मथुराबाई माझ्याकडं वळली. "सभंत गप बसला असता तर आज हिच्याम्होरं हिरवं असतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी ओरडलो.

"मला न्हाय कळत. पर भावजींचं नाव निघालं की तुमचं तोंड कसं व्हतं, त्ये कळतंय." ती टोपली घेऊन आत गेली.

संक्रांतीनंतर बस बंद झाली. ती आता आण्णासाहेबांच्या मळ्यात लिंबाखाली उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. मी आजही म्हणतो, सभेत मी वावगं काही बोललो नव्हतो. हात वर करणारे काय दूधपिते होते?

माघात श्रीपतीला कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गावाच्या नगरपालिकेनं बोलावून घेतलं. जायच्या दिवशी तो आईच्या पाया पडला, माझ्या पडला आणि तिथंच उभा राहिला.

"दादा, तुमी तसं का केलं, एवढंच सांगा."

"पालखीची वाट वाईट हाय का?"

"वाईट न्हाय. पण पालखीला कुठं पोचायचं नसतं. तिला गाव फिरायचं असतं. माणसाला पोचायचं असतं, दादा."

"लई शिकलास," मी म्हणालो. त्यानं पिशवी उचलली. स्टँडपर्यंत टांग्यानं सोडतो, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही आणि तोही चालत गेला. आई मला दिवसभर काही बोलली नाही. श्रीपती इथं नव्हता, तरी घरात त्याच्याचसाठी सगळे गप्प बसले होते.

वैशाखात लाडीच्या बरगड्या लांबून मोजता येतील अशा झाल्या. एका सकाळी दवाखान्याच्या चढावर ती थांबली. मी चाबूक उगारला आणि खाली घेतला. उतरून सवारीला हात जोडले, टांग्याला एका बाजूनं खांदा लावला आणि लाडीनं नि मी मिळून तो कसाबसा वर नेला. त्या दिवशी ठरवलं, घोडी विकायची. ठेवली तर मृगापर्यंत राहणार नाही, हे दिसत होतं. पण अशा सालात घोडं घेतो कोण? इथल्या सगळ्या टांगेवाल्यांनी माना फिरवल्या.

शेवटी एक गिऱ्हाईक आलं. गुरुसिद्धप्पा नाव, सीमेकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. त्यानं लाडीचे दात बघितले, खूर बघितले, पाठीवरून हात फिरवला. "उपाशी हाय, पन घोडी चांगली हाय," म्हणाला. "घेतो."

"या दुष्काळात घोडं घेऊन काय करता?" मी विचारलं.

"आमच्याकडं घोड्याला लई मागनी हाय बघा. गावात बस चालू झाली न्हवं का!"

"बस आली की टांगे जातात."

"तसं न्हाय वो. बस मोठ्या रस्त्यानं सरळ जाती, सरळ येती. थांब्यापासनं घरापतूर टांगा. पयल्यापरीस सवाऱ्या जास्ती. आन् संस्था घोड्यांस्नी चारा देती. एक साहेब आल्यात, त्येनी आखून दिलं सगळं. देवमानूस! म्हनत्यात, ह्ये माज्या डोक्यातलं न्हवं, माज्या दादानं टांग्यात बसवून शिकवलं. आमचा भाऊ आमच्याबद्दल असं कवा बोलनार?"

मी काही बोलणार तेवढ्यात दारातून मथुराबाई म्हणाली, "त्यो साहेब ह्यांचाच भाऊ."

गुरुसिद्धप्पानं हातातला दोर खाली ठेवला. "तुमीच का त्ये दादा?" म्हणत तो भर गल्लीत माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागं घ्यायला गेलो, तर मागं भिंत होती. लोक बघत होते. आयुष्यात माझ्या पाया पडणारा परका माणूस तो पहिलाच, आणि तो मान मला श्रीपतीकडून आला होता. एवढ्या लांबून, न मागता.

"काळजी करू नगा," तो उठत म्हणाला. "साहेब रोज सांजच्याला थांब्यावर येत्यात. एकेका घोड्याच्या तोबऱ्यात हात घालून बघत्यात, काय खाल्लं, काय न्हाय. घरची घोडी म्हनल्यावर हिला तर तळहातावर ठेवतील." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमी बी चला की, दादा. आमच्यात टांगेवाले कमी पडाल्यात. घोडी तुमच्या हातची हाय, तुमीच हाका. साहेब किती खूश व्हतील!"

आई दारात येऊन उभी राहिली होती. मथुराबाईनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी आशा होती की मला दुसरीकडं बघावं लागलं. मला दिसलं सगळं. रुंद रस्ता, थांबा, रांगेत उभे टांगे, संध्याकाळी लाडीच्या तोबऱ्यात हात घालणारा श्रीपती, आणि त्याच्यासमोर लगाम धरून उभा मी. लोक एकमेकांना सांगतायत, हा साहेबांचा भाऊ. जन्मभर.

"मला इथं काम हाय," मी म्हणालो.

काय काम, ते त्यानं विचारलं नाही. पैसे माझ्या हातावर मोजले, दोर उचलला, खांद्यावरचं गाठोडं सोडलं आणि त्यातली वाढ्याची एक पेंढी लाडीसमोर धरली. लाडी परक्या माणसाला कधी जवळ येऊ द्यायची नाही. त्या दिवशी तिनं मान पुढं केली, एक शेंडा तोडला आणि चावत चावत त्याच्या मागं निघाली. गल्लीच्या तोंडाशी मी हाक मारली, "लाडी!" तिचा एक कान मागं वळला. पाय थांबले नाहीत.

"बरं झालं," आई डोळे पुसत म्हणाली. "शिरपाला तिथं घरचं कुनीतरी भेटंल."

जनावराचा हेवा करणारा मी गावातला पहिलाच माणूस असेन. चारा कुणाच्या हातचा, हे तिनं बघितलं नाही. तिला भूक होती, हिरवं दिसलं आणि ती गेली. मलाही ते दिसत होतं. मी दारातच उभा राहिलो.